शेवटची बेचाळीस पानं

कावळा डोक्याला शिवला तेव्हा माझ्या दोन्ही हातांत कादंबरी होती, म्हणून त्याला हाकलताही आलं नाही. सोमवारची सकाळ, साडेदहाचा सुमार. मस्तगडच्या झेरॉक्सच्या दुकानातून तीनशे अडतीस पानांची, स्पायरल लावलेली, मशीनमधून निघाल्यामुळे अजून कोमट असलेली प्रत छातीशी धरून मी रिक्षाची वाट बघत उभी होते. मागून डोक्यावर टपकन काहीतरी बसलं आणि उडालं. नखं लागली, भांग पाडते तिथं, बराबर मधोमध. समोरच्या विजेच्या तारेवर जाऊन तो बसला आणि मान वाकडी करून माझ्याकडं बघायला लागला, जसं काही मीच त्याच्या डोक्यावर बसले होते. पलीकडचा कापडवाला गादीवरून अर्धा उठला. "ताई, कावळा शिवला तुम्हाला. घरी जाऊन आधी डोक्यावरून पाणी घ्या." मी म्हणाले, "आधी कुरिअर, मग पाणी." तो नाराज झाला. आपण माणसाला मरणाची खबर द्यावी आणि माणसानं कुरिअरचं बोलावं, हे त्याला पटलं नसावं. पण मला खरं म्हणजे हसू फुटत होतं. सत्तेचाळीस वर्षांची बाई, बियाण्याच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काढलेली, अप्पाराव गुरुजींची मुलगी, शाळेत जायच्या आधी जिला बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ होत्या, तिनं भर रस्त्यात एकटीनं हसावं हे बरं दिसत नाही म्हणून मी ओठ दाबून धरले. हातातल्या गठ्ठ्याची शेवटची बेचाळीस पानं कावळ्याचीच होती. आठ महिने मी त्याला लिहीत होते, आणि आज प्रत पुण्याला निघायच्या दिवशी तो स्वतः भेटायला आला होता.

पुण्याला म्हणजे राजनंदिनी मॅडमकडं. त्या साहित्याच्या एजंट आहेत. लेखकाचं हस्तलिखित वाचायचं, पसंत पडलं तर प्रकाशकाच्या गळी उतरवायचं, हे त्यांचं काम. आमच्या जालन्यात एजंट म्हटलं की विम्याचा नाहीतर प्लॉटचा, त्यामुळे मायला हे समजावताना माझी पुरेवाट झाली होती. "म्हंजी तू मेल्यावर पैसे देनारी का?" माय म्हणाली. "नाही गं, जिवंतपणी पुस्तक काढून देणारी." "मंग काय कामाची." मायशी बोलण्यात अर्थ नाही. रिक्षात बसले आणि गठ्ठा मांडीवर घेतला, तर मांडीला ऊब लागली. जुन्या जालन्याच्या बोळीत रिक्षा एका हातगाडीमागं अडकली, धान्याची पोती उतरत होती, मागची मोटारसायकल हॉर्नवर हॉर्न मारत होती, आणि मला त्या सगळ्यांचा एकदम लोभ आला. वाटलं, ह्या पोतीवाल्याला सांगावं, दादा, मी आज दुसऱ्यांदा पाठवून राह्यले.

पहिल्यांदा पाठवली ती गेल्या जूनमध्ये. चार महिन्यांनी उत्तर आलं, अकरा ओळींचं. मी ते प्रयोगशाळेच्या बाथरूममध्ये उभ्यानं वाचलं. पाठ आहे मला. 'मुलगी तार घेऊन घरी पोचते तिथपर्यंत मी तिचं बोट धरून होते. ती उंबरा ओलांडते आणि आत आई मेलेली असते, तिथं माझा विश्वास उडाला. आधीच्या दोनशे शहाण्णव पानांत जी बाई आहे ती अशी मरणार नाही. त्या घरात दुसरंच काहीतरी होतं आणि तुम्ही ते झाकलंत, असं मला वाटतं. हे असं असताना मी पुस्तक कुणाकडे नेऊ शकत नाही. पुन्हा लिहिलंत तर छापील प्रत पाठवा. मी एकदाच वाचीन.' आधी मी तिला मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या. पुण्यात बसून हिला काय कळतंय आमचं केदारखेड्याचं घर. मग नळ सोडून तोंड धुतलं आणि आरशात बघितलं, तर चोरी पकडली गेल्यासारखं तोंड झालेलं. तिनं बराबर बोट ठेवलं होतं. घरात दुसरंच होतं. आणि ते मी पस्तीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, लग्न टिकलं तोवर नवऱ्यालासुद्धा नाही.

मी तेव्हा बारा वर्षांची, जालन्यात मुलींच्या वसतिगृहात सातवीला. एका दुपारी दुर्गाबाईंनी, म्हणजे आमच्या रेक्टरनी, मला वर्गातून बाहेर बोलावलं आणि तार वाचून दाखवली. आई वारली, लगेच निघ. एवढंच. खाली कडूबाचं नाव, कडूबा म्हणजे माझा मामा. दुर्गाबाई एरवी फार खवट, पण त्या दिवशी त्यांनी माझी वेणी घालून दिली, ते मला तारेपेक्षा भयंकर वाटलं होतं. मग राजूरवरून जाणारी भोकरदनची एसटी, खिडकीची जागा, मुठीत तार. तिथंपासून पुढचं मला घडल्यासारखं नाही, अंगावर असल्यासारखं आठवतं. सीटचा फाटका रेग्झिन पोटरीला टोचत होता आणि तो टोचतोय याचीसुद्धा मला लाज वाटत होती. आई मेली आणि आपल्याला टोचतंय. शेजारच्या बाईनं विचारलं, कुठं चाललीस गं, तर मी म्हणाले, मायकडं. हे म्हणताना इतकं रडू आलं की त्या बाईनं घाबरून मला अर्धं केळं दिलं. केदारखेड्याच्या फाट्यापासून घरापर्यंत पळत गेले. आणि उंबरा ओलांडला तर माय चुलीपुढं बसून भाकरी थापत होती.

इथवरचं सगळं पहिल्या प्रतीतही होतं, फक्त चुलीपुढच्या मायऐवजी तिथं मी एक प्रेत ठेवलं होतं. वर बेचाळीस पानांचं दुःख. सुंदर दुःख होतं, खरं सांगते, मला लिहिताना फार आवडलं होतं. पण खरं काय झालं, तर मायनं वर बघितलं आणि तिचं तोंड फुललं. "आली, आली. रडत आली गं माझी बेबी." पिठाचे हात तसेच घेऊन उठली, माझ्या गालावरचं पाणी अंगठ्यानं पुसलं आणि तो ओला अंगठा आपल्या टाळूवर घासला. दोनदा. मग म्हणाली, बस, गरम भाकरी खा. आमच्याकडे डोक्याला कावळा शिवला की मरण जवळ आलं म्हणतात. त्यावर तोड अशी, की ज्याला शिवला तो मेल्याचा खोटा निरोप लांबच्या आपल्या माणसाला धाडायचा. ते माणूस खरं समजून रडलं की मरण तेवढ्यावर भागतं आणि परत जातं. माय डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन शेतात चालली होती, कावळा टोपलीवर झडपला आणि नेम चुकून टाळूला लागला. त्याला भाकरी पाहिजे होती, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण मायनं कडूबामामाला भोकरदनच्या पोस्टात पिटाळलं आणि तार केली. मी भाकरीचे चार घास खाल्ले आणि भिंतीशी जाऊन सगळं ओकले.

अप्पा शाळेतून आले तेव्हा मी खाटेवर बसले होते. अप्पा म्हणजे ज्यांनी गावात कुणाच्या अंगात आलं तर समोर खुर्ची टाकून बसायचं, आणि बाईला शांतपणे विचारायचं, जेवलीस का. विहारातल्या त्यांच्या भाषणाला पंचक्रोशीतून माणसं यायची. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मायकडं बघितलं, तार वाचली. ओरडतील असं वाटलं होतं. ते नुसते ओसरीवर जाऊन बसले आणि बराच वेळ चपलेचा अंगठा बोटानं दाबत राहिले. दुसऱ्या दिवशी मला सोडायला स्वतः एसटीत आले. राजूर गेल्यावर म्हणाले, "बेबी, हे कुणाला सांगू नको. लोक म्हणतील, गुरुजीच्या घरात हे चालतं." मी मान हलवली. वसतिगृहात दुर्गाबाईंना त्यांनी सांगितलं की तारेत चूक झाली, दुसऱ्या कुणाची होती. अप्पांना खोटं बोलताना मी एवढं एकदाच बघितलं. ते गेले त्याला आता सहा वर्षं झाली. मग मी कादंबरी लिहायला बसले आणि त्या जागी आल्यावर काय केलं, तर अप्पांचा शब्द पाळला आणि मायला मारून टाकलं. मॅडमचं पत्र आल्यावर मला पहिल्यांदा हा विचार आला, की मी शब्द पाळला का सूड घेतला. आजही नक्की सांगता येत नाही. पण मारताना हात बिलकुल कापला नव्हता, हे खरं आहे.

पुन्हा लिहायचं ठरवलं तेव्हा अप्पांच्या फोटोकडं बघणं मी महिनाभर टाळलं. सकाळी पाच ते सात लिहायचं, मग कंपनीची बस. प्रयोगशाळेत आम्ही ओल्या कागदाच्या गुंडाळीत शंभर-शंभर बिया ठेवतो आणि ठरल्या दिवशी उघडून उगवलेल्या मोजतो. न उगवलेलं बी लगेच मेलेलं धरायचं नसतं. चिमट्यानं दाबून बघायचं. मऊ लागलं तर गेलं, टणक लागलं तर ते जिवंत असतं, झोपलेलं. बावीस वर्षं हेच करतेय, आणि त्या आठ महिन्यांत घरीही तेच करत होते. एकेक वाक्य दाबून बघायचं. पहिल्या प्रतीतलं ते सुंदर दुःख जवळजवळ सगळं मऊ निघालं. खुर्ची टाकून बसणारे अप्पा तेवढे टणक निघाले, ओला अंगठा टणक निघाला, अर्ध्या केळ्याची बाई तर कितीही दाबली तरी हलेचना. माय रोज सकाळी चहा घेऊन यायची आणि विचारायची, "मी मेलेली हाये का जिती हाये आज?" मी म्हणायची, जिती. "मंग खपंल का पुस्तक?" तिला अक्षर येत नाही, पण पहिल्या प्रतीत आपण मेलो होतो हे तिला मीच रागाच्या भरात एकदा सांगून बसले होते. तिनं ते फार मनावर घेतलं नव्हतं. फक्त विचारलं होतं, मयताला कोन कोन आल्तं. शेवटचं पान झालं त्या सकाळी मी अप्पांच्या फोटोसमोर उभी राहून म्हणाले, अप्पा, सांगून टाकलं. आणि वाईट वाटायच्या ऐवजी मला इतकं हलकं वाटलं, की बसमध्ये मी ड्रायव्हरच्या गाण्याला पायानं ताल धरला.

तर कुरिअरवाल्यानं पाकीट चिकटवलं, मी मॅडमचा पत्ता आणि फोन नंबर मोठ्या ठळक अक्षरात घातला, तोच नंबर छापलेली पावती घेतली. प्रत त्याच्यामागच्या ढिगावर पडली तेव्हा काळजात चर्र झालं, पण ते चांगलं चर्र होतं. अर्ध्या दिवसाची रजा होती म्हणून घरी आले, पावती फ्रीजवर ठेवली आणि मायला हसत हसत सांगितलं, "आज गंमत झाली. मस्तगडला मला कावळा शिवला." मी तिला चिडवत होते. वाटलं, ती हसेल, नाहीतर मी तिला पस्तीस वर्षांचं एक टोचून घेईन. माय निवडत होती त्या मेथीवरून तिनं हात काढला. "कुठं शिवला?" "हे इथं." तिनं उठून माझी मान खाली केली आणि केस बाजूला करून बघितलं. "रगत आलंय." "येऊ दे." "बरं," माय म्हणाली आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी ती फार कमी बोलली, पण माझं लक्ष कुठं होतं. माझं लक्ष नगरच्या आसपास कुठंतरी, एका ट्रकमध्ये.

बुधवारी दुपारी मोबाइलवर आलं, पार्सल पोचलं. प्रयोगशाळेत हातमोजे काढून मी तो मेसेज चारदा वाचला. संध्याकाळी घरी आले तर माय दारातच बसलेली, अंगावर धुतलेलं पातळ, चेहऱ्यावर लग्न पार पाडल्याचं समाधान.

"काम झालं," माय म्हणाली.

"कसलं काम?"

"तुझं. कावळ्याचं."

मी चप्पल काढता काढता थांबले. "माय, कुणाला काय सांगितलं तू?"

"त्या पुन्याच्या एजंट बाईला फोन केल्ता." तिनं फ्रीजवरची पावती दाखवली. मायला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. अप्पांनी शिकवले होते. "सांगितलं का बेबीनंदा वारली. मी तिची माय बोलून राह्यले."

मी उंबऱ्यावरच बसले. विचारलं, "मग?"

"मंग काय. पहिलं नुस्तं कोन, कोन करीत बसली. मंग म्हने, अहो त्यांचं पार्सल आत्ताच आलं माझ्या हातात. मंग रडली. लई रडली बिचारी. कशानं गेल्या म्हने. मी म्हनलं हाटअटॅक. आजकाल सगळे त्यानंच जाऊन राह्यले."

"तुला दुसरं कुणी मिळालं नाही? भारतला करायचा होता. सख्खा भाऊ आहे माझा."

"भारत रोज सकाळी तुला फुलाचा फोटू धाडतो आन् तू त्याला हात जोडलेले धाडती. मेली म्हनलं तर खरं वाटंल का त्याला? आन् वाटलं तरी तो रडत न्हाई. इचारीत बसतो." तिनं पदरानं तोंड पुसलं. "दोन दिस इचार केला मी. सांग बरं तूच, तुझ्यासाठी रडंल असं कोन हाये? मी सोडून. माझं चालत न्हाई, मला खरं ठावं हाये. मंग ध्यानात आलं, ही बाई हाये की. तुझी तीनशे पानं वाचून बसली. आन् पुन्हा दुसऱ्या बारीनं वाचायला मागून राह्यली. येवढं तर तुझ्या नवऱ्यानं बी कधी ऐकलं न्हाई तुझं."

माझ्या डोक्यात संताप होता आणि छातीत दुसरंच काहीतरी हललं. पस्तीस वर्षं विचारायचं राहिलेलं तेव्हा विचारलं. "माय, आणि तेव्हा मला का धाडली तार? भारत औरंगाबादला आयटीआयला होता. मावशी होती. मी बारा वर्षांची होते."

"तू रडशील म्हनून," माय म्हणाली. "दुसऱ्या कुनाचा भरवसा नव्हता मला."

रात्रीचं जेवण झालं का नाही आठवत नाही. मी फोन हातात घेतला, मॅडमचा नंबर काढला आणि ठेवून दिला. परत घेतला. 'मी जिवंत आहे, गैरसमज झाला' असं लिहिलं, खोडलं. साधी गोष्ट होती, एक फोन करायचा. तिकडं एक बाई माझ्यासाठी रडतेय, जिला मी एकदाही भेटलेले नाही. ते रडणं कसं असतं, रेग्झिन कसा टोचतो, हे मला ठाऊक, आणि तरी मी फोन करत नव्हते. का, तर तिच्या टेबलावर माझी प्रत होती. आत शेवटच्या बेचाळीस पानांत सगळं लिहिलेलं होतं. कावळा, तार, खोटा निरोप, ओला अंगठा. ती जर शेवटापर्यंत वाचेल तर तिला कळेलच. नाही वाचलं, अर्ध्यात कंटाळली, प्रत ढिगाखाली सरकवली, तर मी तिच्यापुरती मेले ती मेले. आणि मी आत्ता फोन केला तर ती काय वाचेल? एका चक्रम बाईचं बाड. एकदाच वाचीन म्हणाली होती, आणि ते एकदाचं वाचणं मी माझ्या हातानं घालवलं असतं. मला हाव सुटली होती, दुसरं काही नाही. पुस्तक खरं आहे का नाही हे याच्यापेक्षा चांगलं कुठं कळणार, असं मी स्वतःला सांगत होते, आणि सांगतानाच कळत होतं की मी माझ्या मायचीच लेक आहे. तिला रडणारं माणूस पाहिजे होतं, मला वाचणारं. त्या बाईला काय वाटेल हे आम्हा दोघींनाही परवडत नव्हतं.

गुरुवारी मी व्हॉट्सअॅप उघडलं नाही. मेलेली बाई ऑनलाइन दिसली तर काय घ्या. भारतच्या फुलाला हात जोडले नाहीत, तर त्याचा संध्याकाळी फोन, बरी आहेस ना. मी म्हणाले, एकदम बरी. आणि खरंच होते. ते सांगायला लाज वाटते, पण त्या चार दिवसांत मी जितकी जिवंत होते तितकी कधी नव्हते. बिया मोजताना मनात पानं मोजायची. गुरुवारी दुपारी ती शंभरावर असेल, म्हणजे वसतिगृह आलं. शुक्रवारी सकाळी दोनशेवर. कंपनीच्या बसमधून रोलिंग मिलचा धूर दिसला तर वाटायचं, आत्ता ती एसटीत बसली असेल, अर्धं केळं हातात. मग मध्येच घाम फुटायचा. ती वाचतच नसेल. तिनं दोन ओळींची श्रद्धांजली लिहून टाकली असेल, आणि उद्या कुणीतरी मला माझ्याच मरणाची पोस्ट पाठवेल. शनिवारी न राहवून मी ठरवलं, उद्या सकाळी दहा वाजता फोन करायचा. वाचलं असो नसो. चार दिवस पुष्कळ झाले. बारा वर्षांच्या पोरीलासुद्धा मायनं तासाभराच्या एसटीपेक्षा जास्त रडवलं नव्हतं.

रविवारी सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, एक डोळा घड्याळावर. पावणेदहा झाले होते. आत मायचा बटणाचा फोन वाजला. त्या फोनचा आवाज एवढा मोठा की पलीकडचं बोलणं गल्लीत ऐकू जावं, पण गॅलरीत कुकरच्या शिट्टीत मला फक्त मायचं ऐकू आलं.

"हालो. कोन? गिरिजाबाई? इथं कोनी गिरिजाबाई न्हाई. राँग नंबर हाये." आणि तिनं फोन कापला.

माझ्या हातातला ओला टॉवेल खाली रस्त्यावर गेला. गिरिजाबाई हे माझ्या पुस्तकातल्या मायचं नाव. जगात ते फक्त दोन बायकांना माहीत होतं.

"माय, कापला कशाला? ती गिरिजाबाई तू आहेस."

"मी? मी कवापासून?"

"पुस्तकात. तुझं नाव बदललंय मी."

"मला इचारलं न्हाई ते," माय म्हणाली, आणि फोन पुन्हा वाजला. मग तिनं उचलला आणि पदर नीट करून मोठ्यानं म्हणाली, "हा, गिरिजाबाई बोलून राह्यले."

मी आत आले होते, आता मला पलीकडचंही ऐकू येत होतं. पलीकडचा आवाज घोगरा होता, सर्दी झाल्यासारखा. "गिरिजाबाई, त्या वारलेल्या बाईंना जरा फोन द्या."

मायनं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत जे आलं ते मी चुलीपुढं एकदाच बघितलं होतं. तिनं फोन पुढं केला. "घे. तुला मागून राह्यली."

मी फोन कानाला लावला. "बुधवारी मी रडले," मॅडम म्हणाल्या. "खूप. मग तुमचं शेवटचं लिखाण म्हणून वाचायला बसले. पेन्सिलसुद्धा घेतली नाही हातात, गेलेल्या माणसाच्या पानावर काय खुणा करायच्या म्हणून. आणि काल तीनशे चाराव्या पानावर तो कावळा आला, तेव्हा मी तुमची प्रत भिंतीवर फेकली."

"माफ करा," मी म्हणाले. "मी बुधवारीच फोन करायला..."

"ऐका आधी. फेकली, चहा केला, परत उचलून आणली. स्पायरल वाकडं झालंय. उरलेली उभ्यानंच वाचली, स्वयंपाकघरात. बेबीनंदाताई, तुमच्यावर मी अजून चिडलेली आहे आणि आणखी पुष्कळ दिवस चिडणार आहे. पण शेवटाला आता हात लावायचा नाही. एका शब्दालाही नाही. मंगळवारी मी हे घेऊन प्रकाशकाकडे चाललेय." नाक ओढल्याचा आवाज आला. "आणि तो अंगठा. तुमच्या आईंना सांगा, बुधवारचं माझं रडणं खरं होतं. लागू होत असेल तर लावून घ्या."

मी हो, हो म्हणत राहिले, फोन बंद झाल्यावरही म्हणत राहिले. मग भिंतीला टेकून खाली बसले आणि बारा वर्षांच्या पोरीसारखी भोकाड पसरून रडले. कसलं रडू होतं म्हणाल तर आनंदाचं, पण तेवढंच नाही. अप्पा होते त्यात, एसटी होती, केळं होतं, आणि चार दिवस एका अनोळखी बाईनं माझा शोक केला होता तोही होता. माय हातातलं काम टाकून माझ्यापुढं येऊन बसली. तिनं पुढं होऊन अंगठ्यानं माझा गाल पुसला. तो ओला अंगठा माझ्या टाळूकडं नेला, तिथं जरासा थांबवला आणि तसाच मागं घेऊन पातळाला पुसून टाकला.

"सवताचं रडनं धरीत न्हाईत," माय म्हणाली. "ऊठ, खाली टॉवेल पडलाय तुझा."